ई मायनर नको, आणि कडवं गाळू नकोस

अगं,

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज सकाळी चहा घेताना ऐकला, दोनदा. ‘धिस लँड इज युअर लँड’सारखं तीनच कॉर्डचं गाणं स्टेजवर घेतलं तर बाकीच्या बँडची पोरं हसतील म्हणून शेवटच्या ओळीला ई मायनर, तो उदास वाटणारा कॉर्ड, टाकू का, आणि संयोजक म्हणतायत की त्यातली पाटीचं आणि रांगेचं अशी दोन कडवी ‘निगेटिव्ह’ वाटतात तर सोडू का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं नाही, नाही आणि नाही.

आता गिटार घे मांडीवर. ‘धिस लँड इज युअर लँड’ जी मध्ये वाजव. जी, सी, डी, एवढंच, पण सुरुवात कुठे होते बघ. ‘धिस लँड इज’ सा रे ग असं चढतं आणि ‘युअर’ जाऊन बसतं मध्यमावर, खाली कॉर्ड सी. म्हणजे घर, गाणं जिथे येऊन टेकतं तो कॉर्ड, जी आहे पण पहिला ठोका पडतो घराबाहेर, मग जी, मग डी, मग परत जी. प्रत्येक ओळ बाहेरून चालत घरी येते, सारखी. हे गाणं लिहिणाऱ्या, रस्त्यावर भटकलेल्या वूडी गथ्रीला शोभतंच ते. चाल खरं तर त्याची नाही, कार्टर फॅमिली या अमेरिकन लोकसंगीत गाणाऱ्या कुटुंबाच्या 1930 च्या एका भक्तिगीतावरून उचललेली, आणि अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवत बोटांनी बारीक तारा झाडायची पद्धतही त्यांच्यातल्या मेबेल कार्टरची. तुझा अंगठा अजून आळशी आहे, ते बघ आधी, ई मायनर नंतर.

त्याने हे लिहिलं 23 फेब्रुवारी 1940 ला, न्यूयॉर्कमध्ये, रेडिओवर सतत ‘गॉड ब्लेस अमेरिका’ हे देशभक्तिगीत ऐकून वैतागून. एका कडव्यात ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी आडवी येते आणि पाटीची मागची बाजू कोरी असते. दुसऱ्यात चर्चच्या सावलीत, सरकारी मदत वाटणाऱ्या ऑफिसापाशी भुकेली माणसं रांगेत उभी आहेत, आणि तो विचारतो की ही जमीन खरंच तुझ्यामाझ्यासाठी आहे का. हा प्रश्न कुठल्या कॉर्डवर येतो? डी वरून जी. त्याच, ज्यावर आधी ‘आहे’ म्हटलं होतं. सूर घरी पोचला, रांगेतला माणूस नाही पोचला. तिथे तू ई मायनर टाकलास की ऐकणाऱ्याला सांगितलंस, आता वाईट वाटून घ्या. मग त्याला स्वतःहून काही वाटायची गरजच उरत नाही. कळतंय का?

1944 च्या एका रेकॉर्डिंगमध्ये पाटीचं कडवं आहे, 1951 च्या रेकॉर्डमध्ये गायब, आणि शाळांमधून मुलांनी वर्षानुवर्षं नुसता सूर्यप्रकाश गायला. 2009 ला ओबामांच्या शपथविधीआधी लिंकन मेमोरियलसमोर लोकगायक पीट सीगर, वय 89, रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला सोबत घेऊन दोन्ही कडवी गायला. 89 व्या वर्षी! आणि तू विशीत विचारतेस सोडू का. (अमेरिकेतले मूळ रहिवासी म्हणतात की जमीन आमची होती, तुझीमाझी कसली, आणि ते बरोबरच आहे, पण त्यासाठीही गाणं आधी पूर्ण गावं लागतं.)

मी एकदा गाळली होती. एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात, तिथे तेव्हा कामगार कपात चालू होती, संयोजक हसत म्हणाले जरा हलकंफुलकं ठेवा. मी ठेवलं. घरात लहान मूल होतं, पाकीट बरं होतं, दुसरा कोणी असता तर त्यानेही तेच केलं असतं, असं मी स्वतःला अजून सांगतो. कोरसला सगळे टाळ्या देत होते, मागे खुर्च्या लावणारे दोघंसुद्धा. त्यांच्यासाठीचं कडवं माझ्या खिशात घडी घालून होतं.

त्यामुळे संयोजकांना सांग, वेळ कमी असेल तर एक कोरस कापते, कडवं नाही. ओरडून गाऊ नकोस, कोरससारख्याच आवाजात गा, चेहरा पाडू नकोस. नाही म्हणाले तर दुसरं गाणं घे, हे अर्धं नको. आणि रविवारी दहाला ये, माझा कॅपो तीन महिने तुझ्याकडे आहे, तो आण.