थाइम, ओवा आणि धूर

प्रश्न : पाश्चात्त्य पाककृतींच्या मराठी अनुवादांत थाइमला कुठे ओवा, कुठे ओव्याचे फूल, तर कुठे रानओवा म्हटलेले आढळते. यांपैकी योग्य शब्द कोणता? थाइमचे प्रकार कोणते व ते कशात वापरतात?

उत्तर : यांतला ‘ओव्याचे फूल’ हा शब्द आधी बाद केला पाहिजे, कारण तो नुसता चुकीचा नाही, घातकही आहे. काष्ठौषधींच्या दुकानात ओव्याचे फूल मागितले, तर पुडीत येतात ते थायमॉल या उग्र वासाच्या रसायनाचे पांढरे, पारदर्शक खडे. कापूर आणि पेपरमिंटचे फूल यांच्यासह ते एका बाटलीत घातले की तिन्ही घन पदार्थ पाहता पाहता पातळ होतात आणि अमृतधारा तयार होते, जिचे दोन-चार थेंबच घ्यायचे असतात. हिंदीतले ‘अजवायन के फूल’ जसेच्या तसे उचलून ‘एक चमचा ओव्याचे फूल घाला’ असे लिहिणारा अनुवादक वाचकाच्या हाती काय देत आहे, याचा त्याने विचारच केलेला नसतो.

नुसते ‘ओवा’ म्हणणेही बरोबर नाही. ओवा जिरे-बडीशेपेच्या कुळातला, थाइम तुळस-पुदिन्याच्या. ओव्याचे आपण बी वापरतो, थाइमची पाने. दोघांचा वास मिळतो तो थायमॉलमुळे. कास्पार नॉयमान या जर्मन रसायनज्ञाने 1719 मध्ये ते थाइमच्या तेलातून वेगळे केले आणि पुढे त्यासाठीच आपला ओवा जहाजे भरून जर्मनीला जात असे. ज्याच्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो तो पानओवा मात्र थाइमच्याच कुळातला आहे, म्हणजे नावाने ओव्याचा आणि गोताने थाइमचा.

आता मूळ शब्दाकडे वळू. ग्रीक ‘थुमोन’ हे या वनस्पतीचे नाव ‘थूओ’ या धातूशी जोडले जाते, ज्याचा अर्थ अग्नीत जाळून देवाला अर्पण करणे, धूप घालणे असा आहे. त्याच घराण्यातला ग्रीक ‘थूमोस’ म्हणजे चित्ताचा आवेग. लॅटिनमध्ये ‘फूमुस’ म्हणजे धूर, आणि संस्कृतात आपला ‘धूम’. संस्कृत ‘ध’च्या जागी ग्रीकमध्ये ‘थ’ येतो हा योगायोग नव्हे, नियम आहे; संस्कृत ‘मधु’शी जुळणारा ग्रीक ‘मेथु’ मद्याचा वाचक आहे, तोही याच नियमाने. धैर्यवाचक ‘थूमोस’वरून थाइमचे नाव पडले, असे मसाल्यांवरच्या लेखांत हटकून सांगतात, ते मला मुळीच मान्य नाही. थुमोन आणि थूमोस ही एका आईची लेकरे आहेत आणि ती आई म्हणजे धूर. इंग्रजीत ‘टाइम’ असा उच्चार करतात म्हणून आपल्या ‘थाइम’ला हसणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की प्राचीन ग्रीकांचा तो वर्ण आपल्या ‘थ’सारखाच महाप्राण होता.

या व्युत्पत्तीने मला विशेष आनंद होतो, याचे कारण आमच्या घरातली बाळंतिणीची खोली. शेगडीतल्या निखाऱ्यांवर आजी ओवा, बाळंतशोपा आणि वावडिंग यांची चिमूट टाकत असे. दाणे तडतडत, पांढरा धूर उठे आणि बाळाचे झबले त्यावर धरून उबवले जाई. तिला आम्ही धुरी म्हणतो. ‘धुमसणे’ आणि ‘धुरी’ हे शब्द मी थाइमचेच सोयरे मानतो. ज्या वासाच्या वनस्पतीला ग्रीकांनी धुरावरून नाव दिले, त्याच वासाचा ओवा आपण धुरीत घालतो.

ओव्याचे संस्कृत नाव ‘यवानी’, ज्यावरून हिंदी अजवायन आले, तो शब्द यवनांवरून, म्हणजे ग्रीकांवरून आला, म्हणून ओवा ग्रीकांनी आणला, असे काही अभ्यासक ठामपणे लिहितात. त्यांनी पाणिनीच्या व्याकरणसूत्रावरील कात्यायनाची वार्तिके, म्हणजे पूरक टिपा, पाहायला हव्या होत्या. तिथे सदोष यव म्हणजे जव, ती यवानी. आणि यवनांची लिपी ती यवनानी. दोन शब्द व्याकरणकारांनी शेजारी शेजारी ठेवून वेगळे केले असताना ते पुन्हा एक करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ग्रीकांशी आपले नाते धुरातून आहे, यवानीतून नव्हे.

‘रानओवा’ हा शब्द हिमालयात उगवणाऱ्या थाइमच्या रानटी जातीला शोभतो. तिला हिंदीत बन अजवायन म्हणतातच. बाटलीतल्या, बागेत लावलेल्या पानांना मात्र थाइमच म्हणावे.

प्रकारांविषयी थोडक्यात सांगतो. साधा बागेतला थाइम वाळला तरी वास टिकवून धरतो, म्हणून फ्रेंच स्वयंपाकी त्याची काडी तमालपत्र व पार्सली यांच्याबरोबर दोऱ्याने बांधून रश्श्यात सोडतात आणि वाढण्यापूर्वी काढून टाकतात. कॉर्सिका व सार्डिनिया बेटांवरच्या एका जातीला शहाजिऱ्यासारखा वास असतो. ती मांसाला चोळतात. लिंबाच्या वासाचा लेमन थाइम मासे आणि कोंबडीसाठी घ्यावा, आणि तो शेवटी, आच बंद करताना घालावा. फार शिजला की लिंबाचा वास उडून जातो.