कंट्री (अमेरिकी ग्रामीण लोकसंगीतातून आलेली शैली) गिटारवादकाचा, पण निव्वळ कंट्री नसलेला अल्बम कोणता ऐकावा?

ब्रॅड पेस्लीचा 'प्ले', २००८चा. पेस्ली एरवी गायक म्हणून गाजलेला, पण इथे गाणी मोजकीच, बाकी सगळी गिटार. 'टर्फ्स अप'मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं सर्फ संगीत, 'लेस इज मोअर'मध्ये इलेक्ट्रिक गिटारच्या जडणघडणीत मोलाचा वाटा असलेल्या लेस पॉल या गिटारवादकाला जॅझच्या अंगाने सलाम, आणि 'लेट द गुड टाइम्स रोल'मध्ये तर ब्लूजचा बादशहा बी. बी. किंग स्वतः सोबतीला. 'क्लस्टर प्लक' मात्र चुकवू नका. जेम्स बर्टन, अल्बर्ट ली, विन्स गिल अशी दिग्गज गिटारवादक मंडळी एकामागून एक वाजवतात, आपल्याकडच्या जुगलबंदीसारखीच चुरस (आणि तितकाच मिश्किलपणा!). या रचनेला ग्रॅमीही मिळालं. हेडफोन लावूनच ऐका.