इथेनॉलचे मोल आणि २२.४ चा घोळ

"मोल आला की माझं डोकंच चालत नाही, मॅडम. रसायनशास्त्र सोडून देऊ का?" एका विद्यार्थिनीने विचारलं. मोल म्हणजे रेणूंसारखे कण मोजायचं एकक, वस्तू मोजायला डझन असतो तसं. बाकीचे धडे तिला चांगले येत होते, मोलच्या गणितांत मात्र दरवेळी भोपळा. हा प्रश्न घेऊन मुलं माझ्याकडे वरचेवर येतात. मी आधी वही मागते. भीती नेमकी कुठे सुरू झाली, ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

गणित होतं: ५० मिलिलिटर इथेनॉल म्हणजे किती मोल? तिने ५० ला २२,४०० ने भागलं होतं. उत्तर ०.००२२.

"२२.४ लिटर कुठून घेतलंस?"

"एका मोलचं आकारमान ना ते?"

"कशाच्या मोलचं?"

ती गप्प झाली. हा आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला असलेल्या वायूचा, हे तिच्या मनात कधी पक्कं बसलंच नव्हतं. वायूचे रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की रेणू लहान आहे की मोठा, याने आकारमानात जवळजवळ फरक पडत नाही. द्रवात ते खेटून बसतात, म्हणून प्रत्येक द्रवाचा हिशेब वेगळा. एक मोल पाणी १८ मिलिलिटरमध्ये मावतं, एक मोल इथेनॉलला सुमारे ५८ मिलिलिटर लागतात. हे ऐकून ती सावरून बसली. पाठ केलेल्या आकड्यामागे कारण असतं, हे मुलांना आधीच सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

"मिलिलिटरवरून ग्रॅमवर कशी जाशील?"

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "घनतेने." इथेनॉलची घनता दर मिलिलिटरला ०.७८९ ग्रॅम. ५० ला तिने गुणलं, ३९.४५ ग्रॅम. रेणुवस्तुमान ४६.०७ ने भागलं, ०.८५६ मोल. आधीच्या उत्तराच्या पावणेचारशे पटींहून जास्त! ४६ ग्रॅमचा एक मोल, मग ३९ ग्रॅमचा एकाहून थोडा कमीच येणार, हा ताळाही तिनेच जुळवला.

पुढचं गणित ०.२ मोलार (म्हणजे दर लिटर द्रावणात ०.२ मोल) मिठाच्या द्रावणाचं, २५० मिलिलिटरमध्ये किती मोल? ती लगेच घनता शोधू लागली.

"चंचुपात्रात काय आहे?" मी विचारलं.

"पाण्यात विरघळलेलं मीठ." पेन थांबलं. "मोल फक्त मिठाचेच हवेत ना? मग घनता कशाला, मोलारिटी दिलीच आहे." ०.२ गुणिले ०.२५ लिटर, ०.०५ मोल.

विषय सोडायचं तिने पुन्हा काढलं नाही. जुनी वही उघडून ती एकेका गणितापुढे वायू, द्रव, द्रावण असं लिहीत बसली.