आत्मविश्वास खूप कमी आहे. ऑनलाइन थेरपिस्ट कसा शोधावा आणि तो चांगला आहे हे कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय २४, एम.कॉम. झालंय, हिंगोलीत आईवडिलांकडे राहता. मुलाखतीचं बोलावणं आलं की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो आणि दोनदा तर ऑफिसच्या दारातून परत आलात. जवळपास कुणी सापडत नाही म्हणून ऑनलाइन बघताय, पण घरी कळू द्यायचं नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. याच कारणासाठी मी वर्षभराहून जास्त काळ ऑनलाइन थेरपी घेतली आणि तिचा मला फार उपयोग झाला. मी तज्ज्ञ नाही, तेव्हा हे एका पेशंटचं उत्तर म्हणून वाचा.

या शोधात एक अडचण अशी आहे की तिच्यामुळेच बहुतेकांचं घोडं अडतं. दात दुखला तर माणूस डॉक्टरला फी विचारतो, पटलं नाही तर दुसरा दवाखाना गाठतो. पण ज्याला स्वतःची किंमतच वाटत नाही तो फी विचारायला लाजतो. शिक्षण विचारलं तर समोरच्याला राग येईल म्हणून गप्प बसतो. आणि सेशनचा उपयोग होत नसला तर 'माझ्यातच काहीतरी खोट असणार' असं धरून तिथेच पैसे भरत राहतो. थोडक्यात, चांगला थेरपिस्ट शोधायला जो धीटपणा लागतो तोच मिळवायला आपण निघालेलो असतो. म्हणून शोधायची पद्धतच अशी ठेवा की आयत्या वेळी धीर गोळा करावा लागणार नाही. फोन करू नका, मेसेज पाठवा. एकदाच नीट लिहा आणि तोच चार-पाच जणांना पाठवा. साधारण असा:

"नमस्कार. मी २४ वर्षांची आहे. स्वतःबद्दल सतत कमीपणा वाटतो, त्यामुळे मुलाखतींना जाता येत नाही. मला मराठीतून ऑनलाइन सेशन हवं आहे. कृपया कळवाल का: तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय आहे, अशा तक्रारीवर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, सेशन किती मिनिटांचं असतं, फी किती, आणि ती कमी होऊ शकते का?"

नाव, गाव, घरची हकीकत काहीच नको. यावर जे उत्तर येतं त्यातूनच निम्मी निवड होते. मला एकाने नुसतं पॅकेजचं पत्रक पाठवलं होतं. दुसऱ्या एका ताईंनी सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली आणि शेवटी लिहिलं, 'शिक्षण विचारलंत हे बरं केलंत, सगळ्यांनीच विचारायला हवं.' पुढे मी त्यांच्याकडेच गेलो.

आता शिक्षणाचं. सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेला डॉक्टर. थेरपी करणाऱ्यांपैकी औषधं हाच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारा आणि आरसीआयच्या संकेतस्थळावर ताडून बघा. तिसरा मोठा गट काउन्सेलरांचा. मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. करून काम करणाऱ्या या लोकांत फार चांगली माणसं आहेत, आणि तुम्ही लिहिलंय तशा त्रासाला ती पुरतात. पण 'काउन्सेलर' ही पाटी कुणीही लावतो, तेव्हा पदवी कुठली, कुठल्या विद्यापीठाची, आणि स्वतःच्या कामावर वरिष्ठांचं सुपरव्हिजन घेता का, एवढं विचाराच. नुसतं 'लाइफ कोच', 'माइंडसेट मेंटॉर' किंवा वीकएंडच्या कोर्सचं प्रमाणपत्र असेल तर मी तिथे जाणार नाही. 'एकवीस दिवसांत आत्मविश्वास' अशी जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा.

शोधायचं कुठे? पहिलं नाव आयकॉल. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, म्हणजे टिसची ही सेवा २०१२ पासून चालू आहे. प्रशिक्षित काउन्सेलर फोनवर, ईमेलवर मोफत बोलतात, मराठीतही. त्याशिवाय लोकांनी स्वतःच्या अनुभवावरून सुचवलेल्या थेरपिस्टांची एक यादी आयकॉलने तयार केली आहे. शोध तिथून सुरू केला तर गाळलेली नावं हाती येतात. दुसरं नाव आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली ही संस्था आता पुण्यात आणि नाशिकलाही आहे आणि तिचं काम मुळातूनच मराठीत चालतं. 'आवाहन' या त्यांच्या यूट्यूब चॅनलवर स्वतःकडे कसं बघावं यावर तासन्‌तास ऐकता येईल इतकं साहित्य आहे. थेरपी सुरू व्हायच्या आधी ते ऐकलंत तर पहिल्या सेशनला काय बोलायचं ते सुचेल. तिसरं, सरकारी टेलीमानस, क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. दर आठवड्याला तेच माणूस भेटेल अशी अपेक्षा तिथे ठेवू नका. पण 'मला नेमकं काय होतंय, कुणाकडे जाऊ' हे विचारायला ती उत्तम जागा आहे.

फीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. मी पाहिलं त्यानुसार मुंबई-पुण्यातले अनुभवी लोक पाऊण तासाचे हजार ते अडीच हजार घेतात. नव्याने काम सुरू केलेले पाचशे-सातशेतही भेटतात. बऱ्याच थेरपिस्टांकडे विद्यार्थी आणि बेरोजगारांसाठी कमी फीच्या काही जागा राखलेल्या असतात. त्या प्रोफाइलवर लिहिलेल्या नसतात, विचारल्यावरच कळतात. दहा सेशनचे पैसे एकदम भरून सवलत घेऊ नका. माणूस पटला नाही तर त्या पैशांसाठी आपण तिथेच अडकतो, आणि आपल्यासारखी माणसं परत मागत नाहीत.

पद्धतीचं थोडं सांगतो, कारण मेसेजमधल्या त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला समजायला हवं. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी, हे नाव बहुतेक ऐकू येईल. यात आपण स्वतःबद्दल जे ठरवून बसलोय ते तपासलं जातं. मेलनी फेनेल या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये कमी आत्मसन्मानाची एक मांडणी केली. लहानपणच्या अनुभवांवरून माणूस स्वतःबद्दल एक निकाल लावून टाकतो, मग तो निकाल उघडा पडू नये म्हणून स्वतःला नियम घालून घेतो, आणि ते नियम मोडायची वेळ आली की घाबरतो. तुमची मुलाखत या मांडणीत जशीच्या तशी बसते. दुसरी पद्धत आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी तिच्यावर आयुष्यभर काम केलं. त्यामुळे मराठी थेरपिस्टांमध्ये ती चांगली मुरलेली आहे. एलिस यांचं म्हणणं मला सगळ्यांत जास्त पटलं. ते सांगत की स्वतःला मार्क देणंच बंद करा. वागणुकीला, कामाला मार्क द्या. अख्ख्या माणसाला देऊ नका, चांगलेही नाही आणि वाईटही नाही. आत्मविश्वास वाढवायला आलेल्या माणसाला हे ऐकून आधी गोंधळायला होतं, पण त्यातून जो मोकळेपणा येतो तो 'मी भारी आहे' असं रोज आरशात म्हणून येत नाही.

प्रत्यक्षात काय होतं याचं एक उदाहरण देतो. आमच्याकडे ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. इंग्रजीत सादरीकरण करताना मी एका शब्दावर अडखळलो आणि समोरच्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. त्या रात्री मला झोप नव्हती. पुढच्या सेशनला ताईंनी वहीत रकाने आखायला सांगितले: काय घडलं, मनात काय आलं, ते किती खरं वाटतं, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. 'मनात काय आलं' खाली मी लिहिलं, 'ह्याला काही येत नाही असं ते म्हणाले.' ताईंनी विचारलं, 'म्हणाले?' ते तर काहीच म्हणाले नव्हते. विरुद्ध पुराव्यात मग लिहावं लागलं की ऑडिटमध्ये माझ्या विभागावर एकही मोठा शेरा नव्हता, आणि जेवायची वेळ टळून गेली होती. हे वाचायला किरकोळ वाटेल. पण दर आठवड्याला तेच रकाने भरत गेलो तेव्हा दिसलं की 'ह्याला काही येत नाही' हे वाक्य साहेबांचं नव्हतंच. आठवीत फळ्यापुढे उभं करून ते कुणीतरी मला ऐकवलं होतं, आणि तेव्हापासून ते मीच जपून ठेवलं होतं. म्हणून थेरपी मराठीतून घ्या असं मी आग्रहाने सांगतो. लहानपणी जे ऐकलं ते मराठीत ऐकलं, ते इंग्रजीत सांगायला गेलं की त्याची धार जाते आणि थेरपिस्टला ते दिसतच नाही.

पुढची पायरी कृतीची असते, आणि चांगला थेरपिस्ट तिच्यापर्यंत नेतोच. तुमच्या बाबतीत ती बहुधा अशी असेल: आधी थेरपिस्टसोबत खोटी मुलाखत, मग नको असलेल्या नोकरीच्या मुलाखतीला जाऊन नुसतं बसून येणं, मग खरी. महिना-दीड महिना नुसतं बोलणंच चाललं असेल, घरी करायला काहीच मिळत नसेल, तर 'आपण कुठे चाललोय' असं विचारा. हा प्रश्नही लिहून पाठवला तरी चालतो.

न जमणारा माणूस कसा ओळखावा? स्वतःच्याच गोष्टी सांगत बसतो, 'पॉझिटिव्ह विचार करा' यापलीकडे जात नाही, लग्न केलंत की सगळं ठीक होईल म्हणतो, सेशनमध्ये फोन बघतो, गेल्या वेळचं काही आठवत नाही. यातलं काहीही दिसलं तर थांबा. पहिल्या सेशननंतर रडू आलं किंवा थकायला झालं तर ते वाईट लक्षण नाही. पण आपण आधीपेक्षा लहान झालो असं वाटत राहिलं, तर ती जागा आपली नाही. थांबायचा मेसेजही आधीच लिहून ठेवा: 'धन्यवाद, मी पुढची सेशन घेणार नाही.' कारण द्यावं लागत नाही.

ऑनलाइनचा उपयोग होतो का, या तुमच्या शंकेचं उत्तर: नैराश्य आणि चिंतेसाठी व्हिडिओवरून दिलेली सीबीटी समोर बसून घेतलेल्या थेरपीच्या जवळपास तोडीची ठरते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मात्र ॲपवरून घेणार असाल तर तुमची माहिती कुठे जाते ते वाचा. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या कंपनीवर ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. मला म्हणूनच थेट एका थेरपिस्टशी बांधलेलं काम बरं वाटतं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. पहिल्याच सेशनला विचारा की नोंदी कुठे ठेवता आणि कोणत्या परिस्थितीत घरच्यांना कळवता. जिवाला धोका असेल तेव्हाच, असं उत्तर यायला हवं.

एका बाबतीत मात्र थेरपिस्ट सापडेपर्यंत थांबू नका. झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर ते निव्वळ आत्मविश्वासाचं दुखणं नसून नैराश्य असू शकतं. त्याला औषध असतं. त्या दिवशी १४४१६ ला फोन करा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा.

राहिला घरचा प्रश्न. घर लहान असेल तर व्हिडिओचा हट्ट नको, फोनवरचं सेशनही चालतं. मी कित्येक सेशन कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, इअरफोन लावून घेतली. तुम्हाला गच्ची, मैत्रिणीची खोली, संध्याकाळचं फिरणं, यातलं काहीतरी जमेल. अभ्यासिका लावली असेल तर तिथून बाहेर पडून तासभर मिळतोच. कुणी मध्येच आलं तर काय बोलायचं तेही थेरपिस्टशी ठरवून ठेवा. माझ्या ताई अशा वेळी लगेच ऑडिटच्या कागदांबद्दल बोलायला लागायच्या. आईवडिलांना सांगायचं की नाही हे आज ठरवायची गरज नाही. मी बायकोला चार-पाच महिन्यांनी सांगितलं, आईला अजून सांगितलेलं नाही.

वरचा मेसेज हवा तसा बदलून घ्या आणि आज रात्री निदान दोघांना पाठवा. कुणाचं काय उत्तर आलं ते इथे खाली लिहिलंत, नावं वगळून, तर निवडायला मी नक्की मदत करीन.