‘झा’पासून सुरू होतं, पुढचं आठवेना

“मॅडम, मला विसरण्याचा आजार लागलाय का?” खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. पंचेचाळिशी ओलांडलेली माणसं माझ्याकडे हा प्रश्न वरचेवर घेऊन येतात, म्हणून ही हकिगत. त्यांना वंदनाताई म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीला. शिक्षण मराठी शाळेतलं, पण आता दिवसभर परदेशी ग्राहकांशी इंग्रजीत बोलणं. सासूबाईंच्या स्मृतिभ्रंशात सगळं यांनीच केलं होतं. त्यामुळे धसका साहजिक होता.

झालं होतं असं. कढईत तेल तापलेलं, पुरी टम्म फुगून वर आलेली. लेकीला म्हणायचं होतं, झारा दे. “अगं ते दे… ते भोकांचं… झा… झा…” हात हवेतच पुरी उपसतोय, शब्द काही येईना. पुरी करपली. रात्री ओटा पुसताना तो आपसूक आठवला. झोप मात्र उडाली ती उडालीच.

“तो ‘झा’ कुठून आला?” मी विचारलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

शब्द पुसला गेला असता, तर त्याचं पहिलं अक्षर कसं उरलं? १९६६ मध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांचे नुसते अर्थ वाचून दाखवले आणि शब्द ओळखायला सांगितलं. ज्यांच्या तो अगदी जिभेवर येऊन अडला, त्यांना पहिलं अक्षर किंवा उच्चारताना शब्दाचे किती तुकडे पडतात, हे बऱ्याचदा बरोबर सांगता आलं. बोलताना आधी अर्थाला धरून शब्द निवडला जातो, मग त्याचा उच्चार हाती येतो. वंदनाताईंची पहिली पायरी शाबूत होती, अडकली ती दुसरी. दोन भाषा वापरणाऱ्यांचं असं जास्त वेळा होतं. त्याचं एक कारण साधं आहे: दिवसाचं बोलणं दोन भाषांत वाटलं गेलं की प्रत्येक शब्दाच्या वाट्याला वापर कमी येतो.

मी त्यांना आठवडाभर वही ठेवायला सांगितली: कुठला शब्द अडला आणि किती वाजता. बहुतेक नोंदी घरी पोचल्यानंतरच्या तासाभरातल्या निघाल्या. मला त्यावरून म्यूटर आणि ऑलपोर्ट यांचा १९९९ चा प्रयोग आठवला. लोकांना आकडे कधी मातृभाषेत, कधी दुसऱ्या भाषेत म्हणायला लावले. गंमत म्हणजे दुसरीकडून मातृभाषेत परतताना जास्त वेळ लागला. त्यांचं स्पष्टीकरण असं की दुसरी भाषा बोलायची तर मातृभाषा जोर लावून दाबावी लागते, आणि तो दाब लगेच सुटत नाही. अर्थात तिथला फरक मिलिसेकंदांचा. त्यावरून थेट आपल्या कढईपर्यंत उडी मारता येत नाही, हेही मी त्यांना सांगून टाकलं.

तरी डॉक्टरांकडे पाठवलंच. बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल किंवा झोप पुरत नसेल, तरी विसरायला होतं. झारा हातात घेऊन तो कशाचा हेच कळेना, रोजच्या रस्त्यावर चुकायला झालं किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, तर गोष्ट वेगळी. मग न्यूरॉलॉजिस्टच गाठायचा. यांच्यात तसं काही नव्हतं.

एक सवय मात्र मोडायला सांगितली. “मी हट्टानं आठवत बसते, मेंदूला व्यायाम!” असं त्या अभिमानानं म्हणाल्या होत्या. कॅनडातल्या वॉरिनर आणि हम्फ्रीज यांना २००८ मध्ये याच्या उलट आढळलं: शब्द अडलेल्या अवस्थेत जितका जास्त वेळ ताटकळावं, तितका तोच शब्द दोन दिवसांनी पुन्हा अडण्याची शक्यता जास्त. जणू आपण अडखळण्याचाच सराव करतो. म्हणून सरळ विचारायचं, कळला की मोठ्यानं म्हणायचं आणि पुढं जायचं.

तिसऱ्या भेटीला त्या हसतच आल्या. माळ्यावरून काढलेल्या चकलीच्या यंत्राचं नाव आठवेना. विचारायला गेल्या तर लेकीला ते मुळातच माहीत नव्हतं. शेवटी फोटो काढून मावशीला पाठवला. उत्तर लगेच आलं: “सोऱ्या. चकल्या कधी करतेयस?”