काजूसाठी जुनी झाडं तोडली तर धनेश पक्षी (हॉर्नबिल) दुसऱ्या झाडावर जाईल ना?

रत्नागिरीकडच्या जमिनीसाठी हे विचारलंय म्हणून सांगतो: सहसा नाही जाऊ शकत. धनेश स्वतः ढोली कोरत नाही. सुतारपक्ष्यानं कोरलेली किंवा फांदी मोडून कुजत तयार झालेली, मादी मावेल एवढी पोकळी त्याला लागते. ती जुन्या आंब्यात, बेहड्यात, सातविणीत मिळते. काजूच्या कलमात कुठून मिळणार?

उन्हाळ्यात मादी आत शिरते, विष्ठा वगैरेंनी तोंड लिंपून घेते आणि कित्येक आठवडे आतच राहते. उरलेल्या फटीतून नर उंबर, वडाची फळं भरवतो. तेव्हा झाड पाडलं तर आतलं अख्खं कुटुंब जातं. मला हे फार जिव्हारी लागतं.

शिवाय मोठी फळं गिळून त्यांच्या बिया दूरवर टाकणारे पक्षी थोडेच. धनेश गेला की त्या झाडांची नवी रोपं लांब रुजणं अवघड होतं. आपल्याकडचा कवड्या धनेश आजही संकटसमीप, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

काजू लावा, पण ढोलीचं झाड आणि वड-उंबर तेवढे राखा. गावची देवराई जवळ असेल तर त्या बाजूचा पट्टा काजू न लावता तसाच राखा.