आयत्या वेळेला हाताशी असावं म्हणून

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मुलाचा वाढदिवस संध्याकाळी सातला असल्याचं साडेपाचला कळतं आणि मग कोपऱ्यावरच्या दुकानात जे मिळेल ते उचलावं लागतं, असं तू लिहिलं आहेस. नव्या घरात सगळ्यांचंच असं होतं. यावर उपाय म्हणजे घरात भेटवस्तूंचा छोटा साठा ठेवणं. पण तो आणायला बाजारात जायच्या आधी वही घेऊन बस. गेल्या वर्षभराचे फोनमधले फोटो आणि मेसेज चाळ. लग्न, मुंज, वास्तुशांत यांची आमंत्रणं पंधरा दिवस आधी येतात, ती सोडून दे. दिवसा-दोन दिवसांच्या बोलीवर आलेले प्रसंग तेवढे लिही: सोसायटीतल्या मुलांचे वाढदिवस, कोणाचं तरी बाळ बघायला जाणं, हळदीकुंकू, मुक्कामाला आलेली पाहुणी निघाली की तिची ओटी, ऑफिसातला निरोप, पाहुण्यांबरोबर अवचित आलेलं लहान मूल. बहुतेक घरांत यादी एवढ्यावरच संपते. साठाही तेवढ्याच प्रसंगांचा करायचा. स्वस्त दिसलं म्हणून आधी घेतलं आणि द्यायचं कोणाला ते नंतर बघू म्हटलं, की ती वस्तू कपाटातच मुरते.

तुम्हा दोघांच्या घराला चौदा वस्तू आणि दहा पाकिटं पुरेत. चार ब्लाउजपीस, बाळासाठी दोन दुपटी, मुलांसाठी पाच वस्तू, मोठ्यांसाठी तीन. प्रत्येक वस्तू दीडशे ते अडीचशेच्या घरात ठेवलीस, तर सगळं मिळून साधारण तीन हजारांत बसतं. एक वस्तू गेली की त्याच आठवड्यात तिच्या जागी दुसरी आण.

ब्लाउजपीस घेताना 80 सेंटिमीटरचा तुकडा घेऊ नकोस, पूर्ण 1 मीटर घे. 80 मध्ये लांब बाह्या बसत नाहीत, अंगाने जाड बाईला तर तो पुरतच नाही, आणि न शिवता येणारा तुकडा पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीकडे जातो. असे तुकडे घरोघर वर्षानुवर्षं फिरत असतात. त्यात तू भर घालू नकोस. खण घेणार असशील तर पन्हा मोजून घे, हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद असतो. काळा आणि पांढरा रंग ओटीसाठी टाळ. हळकुंड, सुपारी, बदाम, खारीक यांचे चार-पाच जोड छोट्या पिशव्यांत बांधून फ्रिजमध्ये ठेव. बाहेर ठेवलेली खारीक पावसाळ्यात चिकट होते आणि तिला कीड लागते. तांदूळ ऐन वेळी डब्यातून घ्यायचे. नारळ शेंडीसकट ठेव. शेंडी काढली की डोळे उघडे पडतात आणि नारळ तिथूनच नासायला लागतो. हलवून पाणी वाजतंय ना, एवढं दर आठवड्याला बघ.

बाळासाठी झबली-टोपडी साठवू नयेत. माप आणि ऋतू दोन्ही चुकतात. लोकरीचा स्वेटर नोव्हेंबरात घेतलास आणि बाळ मार्चमध्ये झालं, तर तो पुढच्या थंडीपर्यंत तोकडा होतो. मलमलीचं दुपदरी दुपटं, एक मीटर बाय एक मीटर, कोणत्याही महिन्यात चालतं आणि कोणत्याच घरी जास्त होत नाही.

मुलांचा कप्पा वयानुसार लाव: तीन वर्षांच्या आतलं एक, चार ते सहाच्या दोन वस्तू, सात ते दहाच्या दोन. खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघूनच घे. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. तीनच्या आतल्या मुलाला सुटा होणारा छोटा भाग किंवा बटणासारखी बॅटरी असलेलं काहीही देऊ नकोस. इतर खेळण्यांतल्या बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेव. आत राहिल्या की त्या पाझरतात आणि खेळणं न खेळताच बिघडतं. मेणाचे खडू मे महिन्यात मऊ पडतात, स्केचपेनं सुकतात, चिकणमातीचा डबा घट्ट होतो. बारा रंगीत पेन्सिलींची पेटी मात्र दोन वर्षंही तशीच राहते.

सगळ्यात भरवशाची भेट पुस्तकाची. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तकं इतकी स्वस्त आहेत की दीडशे रुपयांत कधी कधी दोन-तीन येतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मोठी अक्षरं आणि पानावर दोन-तीन ओळी असलेलं निवड. आई-बाबा वाचून दाखवतात, मूलही हळूहळू वाचायला लागतं. पुस्तकावर आधी नाव घालून ठेवू नकोस. पुस्तकं आडवी ठेव, उभी ठेवलेली पातळ पुस्तकं वाकतात.

मोठ्यांसाठी सोलापुरी नॅपकिनचा जोड, चांगल्या झाकणाचा स्टीलचा डबा, खणाची छोटी पर्स, एवढं बस. सुगंधी मेणबत्त्या, साबण, अत्तर नको. वास उडतो, आणि उडता उडता शेजारच्या कपड्यांत आणि पुस्तकांत शिरतो. देवाच्या मूर्तीही साठवू नकोस, हे मी आग्रहाने सांगते. प्रत्येक घरी आधीच पाच-सात गणपती असतात. ठेवायला जागा नाही आणि टाकायला हात धजावत नाही, अशा पेचात कोणाला घालू नये. चॉकलेट, सुकामेवा या साठ्यात नकोच. उन्हाळ्यात चॉकलेटवर पांढरा थर येतो, काजू-अक्रोड खवट होतात.

आता पाकिटं. रुपया आधीच चिकटवलेली घे. सुटा रुपया पाकिटाचा कोपरा फाडून बाहेर येतो. फोनवरून पैसे द्यायची सवय झाल्यापासून घरात रोख सापडत नाही, म्हणून शंभराच्या पाच आणि पन्नासच्या चार कोऱ्या नोटा वेगळ्या ठेव आणि त्यांना भाजीसाठी हात लावू नकोस. नोटांना पिन मारायची नाही. पाकिटावर तुमची नावं आडनावासकट, नोट घालायच्या आधी लिही. नुसतं ‘शुभेच्छांसह’ लिहिलेलं पाकीट कोणाचं हे रात्री आहेर लिहून घेणाऱ्यांना कळत नाही. ‘आहेर आणू नये’ असं पत्रिकेवर छापलं असेल तर खरंच नेऊ नकोस.

साठा बिघडतो तो ठेवण्यात. जमिनीलगतचा किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेला कप्पा घेऊ नकोस, पावसाळ्यात ओल तिथेच धरते. डांबरगोळ्या नकोत. त्यांचा वास भेटीबरोबर पाहुण्याच्या घरी जातो आणि कापडावरची जरी काळी पडते. वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून ठेव. जरीचं कापड प्लॅस्टिकमध्ये न ठेवता जुन्या सुती कापडात गुंडाळ. मेअखेरीस आणि दसऱ्यानंतर सगळं बाहेर काढ, कापडाच्या घड्या बदल (तीच घडी राहिली की रेघेवर पिवळा डाग पडतो) आणि कसर लागली आहे का ते बघ. वर्षभरात जे गेलं नाही, ते चुकीचं घेतलं होतं असं समजून देऊन टाक आणि तो प्रकार पुन्हा आणू नकोस.

आपल्याकडे आलेली भेट पुढे द्यायला माझी हरकत नाही, पण दोन गोष्टी पाळ. कोणाकडून कधी आली याची चिठ्ठी बाहेरच्या पिशवीत ठेव. वस्तूवर चिकटवलीस तर ती तशीच जाते. आणि खोका उघडून झाकणाच्या आतही बघ, नावाचं कार्ड हमखास तिथेच राहिलेलं असतं. जे आपल्या बहिणीला दिलं नसतंस, ते घरकामाच्या मावशींना ‘चालेल त्यांना’ म्हणून देऊ नकोस.

आधीच गुंडाळून ठेवू नकोस. आत काय आहे ते विसरायला होतं आणि चिकटपट्टी पिवळी पडून सुटते. कागद, चिकटपट्टी, कात्री, बॉलपेन एका डब्यात ठेव, आणि ती कात्री इतर कामाला न्यायची नाही. कागदाचं माप असं: खोक्याच्या भोवतीचा घेर अधिक 3 सेंटिमीटर ही एक बाजू. लांबी अधिक उंचीची दीडपट ही दुसरी. 20 बाय 12 बाय 6 सेंटिमीटरच्या खोक्याला 39 बाय 29 चा तुकडा लागतो, म्हणजे 50 बाय 70 च्या एका कागदात दोन खोकी होतात. किमतीचं लेबल खरवडू नकोस. खोबरेल तेलाचं बोट फिरवून दहा मिनिटं थांब, स्टीलवरून अलगद निघतं. कागदावर किंवा पुस्तकावर तेल चालत नाही, तिथे केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा धर.

खरेदी रथसप्तमीनंतर कर. वाणाचा उरलेला माल दुकानदार तेव्हा कमी भावात काढतात. पुण्यात तुळशीबाग, आणि कागद-पाकिटांसाठी बोहरी आळी. डिसेंबरात भीमथडी जत्रेत बचतगटांच्या बायकांकडून पर्स आणि दुपटी घे, शिवण उलटी करून बघून. यादी झाली की मला पाठव. आकडे जास्त वाटले तर मी कमी करून देईन.

तुझी,
काकू